उसनं नाक

डब्यावरची कृती इनिसला तोंडपाठ आहे:
डबा गरम पाण्यात ठेवा, पाक सैल होऊ द्या,
किलोभर साखर, तेवीस लिटर पाणी,
वर यीस्टची पुडी भुरभुरा आणि वाट बघा.
तीस वर्षं त्याने एवढंच केलं.
काना-मात्रेचा फरक नाही.

मग एका जुलैत त्याला ताप आला
आणि जाताना त्याचं नाक घेऊन गेला.
म्हणजे नाक आहे जागच्या जागी,
चांगलं धारदार, इन्व्हरकार्गिलच्या वाऱ्यात लाल होणारं,
पण आत कुणी राहत नाही.
पाव जळून कोळसा झाला तरी पत्ता नाही.
गॅस, गुलाब, मेंढीची ओली लोकर,
सगळी नुसती हवा.

तेव्हापासून तो कृती मोडायला लागला.

मला कुंपणावरून हाक मारतो.
मी शाळेची बस चालवते, साडेचारला सुटते,
बूटही न काढता त्याच्या शेडमध्ये शिरते.
तिथे प्लास्टिकच्या पिंपाला
त्याचंच विजेचं ब्लँकेट गुंडाळलेलं,
आणि झाकणावरची नळी
बुडुक म्हणते, थांबते, पुन्हा बुडुक,
झोपेत काही आठवल्यासारखी.
इनिस स्वतः दोन स्वेटर चढवून झोपतो.

"सांग, कसं लागतंय?"
कानामागची पेन्सिल हातात येते.

संत्र्याची साल आणि धणे:
रविवार सकाळ, घाई नसलेली.
मानुकाचा मध:
पावसातून आलेलं कुत्रं, पण ओळखीचं.
नेल्सनहून बहिणीने पाठवलेले फिजोआ, सालासकट:
कुणाच्या तरी आत्याचा साबण.
कॉफी बरी होती. पुढच्या वेळी निम्मी घाल.
ज्येष्ठमधाचं विचारू नकोस,
ते मी बेसिनला पाजलं.

तो सगळं चिकटपट्टीवर लिहितो,
बाटलीला लावतो.
"आत्याचा साबण, चौदा मे."

एकदाच खोटं बोलले.
आईने लावलेल्या काळ्या करंटच्या झुडपाची
कोवळी पानं त्याने घातली होती.
भिजलेल्या पुठ्ठ्याची चव. मी म्हटलं, मस्त.
त्याने माझ्याकडे पाहिलं बराच वेळ,
"मस्त" लिहिलं
आणि पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं.

त्यानंतर मी बसमध्ये हुंगत बसू लागले.
ओले कोट, सोललेली मॅंडरिन, खोडरबर,
मागच्या सीटखाली विसरलेला डबा.
शब्द साठवायचे होते. माझ्याकडे फारच थोडे निघाले.

ऑगस्टात वाइमारीने कॅटलिन्सच्या रानातून
होरोपितो आणला, लाल ठिपक्यांची पानं.
"तीन पुरेत," ती बजावून गेली, "मिऱ्याचा बाप आहे हा."
ज्याला वासच नाही त्याला अंदाज कुठला?
इनिसने मूठभर टाकली.

पाच आठवड्यांनी पहिला घोट.
माझी जीभ पेटली, मग बधिर झाली,
ठसका, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी.
"ओतून टाक," मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता."

पेन्सिल कानामागेच राहिली.
घोट त्याच्या तोंडात तसाच होता,
गाल फुगलेले, कानाच्या पाळ्या लालबुंद.
गिळला. ग्लासकडे पाहिलं.
"आहे," म्हणाला.
काय?
"काहीतरी आहे."

तीस बाटल्या खालच्या फळीवर आहेत.
वाइमारीने वास घेऊन परत केली,
पोस्टवाल्याने दारातूनच हात जोडले.
शुक्रवारी आम्ही एक उघडतो,
माझ्याजवळ दुधाचा कप ठेवून.
पेन्सिल मीच मागून घेतली.
सांग, कसं लागतंय?
"थांब," म्हणतो, आणखी एक घोट घेतो,
कपाळावर घाम. "थोबाडीत. थंडीत. पण
मारणारा ओळखीचा."
मी लिहून घेते.

कोपऱ्यात नवं पिंप बुडबुडतंय.
त्यात काय आहे, अजून सांगत नाही.
ब्लँकेट मात्र दोन झालीत.